साठ टक्के कोरडं

“आज पावसाची शक्यता चाळीस टक्के आहे,” असं कुणी म्हटलं, की आमच्या शेजारचे काका लगेच म्हणायचे, “म्हणजे साठ टक्के कोरडं.” हे ते थट्टेने म्हणत नसत. एखाद्याच्या शर्टाची चुकलेली बटणं सहज नीट लावून द्यावीत, तसं ते समोरच्याचं वाक्य नीट करून द्यायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

रोज सकाळी साडेसहाला ते घरातून निघून ड्राइव्हवेच्या टोकाशी, टपालपेटीजवळ यायचे. टपाल आमच्याकडे दुपारी दोननंतर येतं, तेव्हा पेटीचा काही संबंध नव्हता. लेंगा, जाड कोट आणि कानटोपी. जूनमध्ये कोट नसे, कानटोपी असे. तिथे उभं राहून ते उजवा तळहात तीर्थ घेताना धरतो तसा पुढे धरायचे आणि वर बघायचे. दहा-पंधरा सेकंद असे गेले, की खिशातून फोन काढून हवामानाचा अंदाज वाचायचे. आणि मग तो अंदाज आपल्या मराठीत करून गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीतली आमची गल्ली पुढे बंद होते. नऊ घरं आहेत, त्यांतली चार मराठी. ग्रुप या चार घरांचा. त्यावर सकाळी काकांचा संदेश यायचा, तो असा: “सुप्रभात. आज दिवसभर ढग. म्हणजे गाडी चालवताना डोळ्यांवर ऊन येणार नाही.” किंवा, “आज वारा ताशी तीस मैल. आपली पानं आपोआप शेजारच्या गल्लीत जातील.” एकदा दाट धुकं पडलं होतं तेव्हा त्यांनी लिहिलं, “आज कुणाचंच लॉन वाढलेलं दिसणार नाही. शनिवारची घाई नको.”

यानंतर पाच मिनिटांच्या आत काकूंचा संदेश येई. काकू स्वयंपाकघरातून लिहायच्या आणि दोन-तीन शब्दांपलीकडे कधी गेल्या नाहीत. “छत्री न्या.” “कान झाका.” “गाडी हळू.” आम्ही सगळे कपडे काकूंच्या संदेशाप्रमाणे घालायचो आणि काकांच्या संदेशामुळे हसत घराबाहेर पडायचो. दोघांनी मिळून हे खातं चाळीस वर्षं चालवलं होतं. ग्रुप यायच्या आधी गिऱ्हाईक एकमेकांचंच होतं, एवढाच फरक.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नागपूरचा. सॉफ्टवेअर तपासणं हा माझा धंदा. दुसऱ्याने केलेल्या कामात काय मोडेल, कुठे मोडेल आणि कधी मोडेल, हे शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि हे मी घरीही फुकट करतो असं माझी बायको म्हणते. त्यामुळे काका आणि मी यांचं जमायचं काही कारण नव्हतं.

आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी धो धो पाऊस होता. ट्रकमधून सोफा निम्मा बाहेर आला होता आणि मी पावसाला, ट्रकवाल्याला आणि घर घेण्याच्या निर्णयाला शिव्या देत होतो. तेवढ्यात कानटोपी घातलेले एक गृहस्थ छत्री घेऊन आले. छत्री त्यांनी सोफ्यावर धरली, माझ्यावर नाही.

“फार चांगला मुहूर्त मिळाला तुम्हाला,” ते म्हणाले.

“काका, सगळं भिजतंय.”

“तेच म्हणतो. घर गळतं कुठे, हे लोकांना सहा महिन्यांनी कळतं. तुम्हाला आज संध्याकाळीच कळेल.”

मला तो माणूस त्या क्षणी मुळीच आवडला नाही. संध्याकाळी बेसमेंटच्या कोपऱ्यात पाणी दिसलं. घर विकणाऱ्याला फोन केला, त्याने कुरकुर न करता दुरुस्त करून दिलं. उशिरा कळलं असतं तर त्याने दारही उघडलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी काकांना हे सांगायला गेलो, तेव्हा ते नुसतं “हं” म्हणाले आणि मला ‘टेस्टर’ म्हणू लागले. पुढे कधीच त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही.

काका स्ट्रक्चरल इंजिनियर होते. पुलांची कामं केलेली. मी एकदा विचारलं, “काका, तुमच्या धंद्यात तर सगळ्यात वाईट तेच धरून चालावं लागत असेल. मग हे असं उलटं कसं?”

“पस्तीस वर्षं वाईट वारा, वाईट बर्फ, वाईट पूर, तिन्ही एकाच दिवशी येणार असं धरून गणितं केली. एकदाही आले नाहीत. तेवढं चांगलं हवामान माझ्याकडे शिल्लक आहे. ते आता वाटतो,” ते म्हणाले.

त्यांच्या काही युक्त्या तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाच्याच लक्षात येतील. मला दोन वर्षं लागली. थंडीत काका तापमान फॅरनहाइटमध्ये सांगायचे आणि उन्हाळ्यात सेल्सिअसमध्ये. जानेवारीत “आज वीस अंश” असं वाचलं, की नागपूरच्या माणसाला पहिल्या क्षणी महाबळेश्वर आठवतं. बाहेर पाऊल टाकल्यावर तो कोणत्या देशात आहे ते कळतं. जुलैत लोक शंभर डिग्री म्हणून हाय हाय करत असायचे, तेव्हा काकांचं शांतपणे यायचं, “फक्त अडतीस.” मी ही चोरी पकडली तेव्हा त्यांना जाऊन म्हटलं, “काका, एकच एकक वापरा. हे चीटिंग आहे.”

“दोन्ही आकडे बरोबर आहेत ना?”

“बरोबर आहेत, पण—”

“मग त्यातला जो माणसाला बरा वाटेल तो सांगावा. मी एकही आकडा कधी खोटा दिलेला नाही, टेस्टर. तपासून बघ.”

मी तपासलं. मागचे सगळे संदेश आणि त्या त्या दिवसाचे अंदाज, एक आख्खा रविवार घालवून. एकही आकडा खोटा नव्हता.

पण म्हणून त्यांचं सगळं सुखरूप पार पडायचं असं नाही. काकू मूळच्या सोलापूरच्या. दर वर्षी जुलैत त्या घरामागच्या लाकडी डेकवर जुनं सुती लुगडं अंथरून कुरडया घालत. कुरडयांना सलग तीन दिवस कडक ऊन हवं आणि न्यू जर्सीच्या जुलैत सलग तीन दिवस काही मिळत नाही. एका वर्षी काकांनी “सत्तर टक्के कोरडं” म्हणून हिरवा कंदील दाखवला. काकूंनी पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवून दोनशे कुरडया घातल्या. दुपारी तीनला आभाळ फाटलं. आम्ही धावत गेलो तेव्हा डेकवर कुरडया नव्हत्या, लुगड्यावर एक मोठी लापशी होती.

काकू दारात उभ्या. “कुठे गेले तुमचे सत्तर टक्के?”

काकांनी लापशीकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं. “थोडं तूप आणि साखर आण,” ते म्हणाले. “चीक गरम असताना मिळतो, गार असा कोण देतो?” आणि तिथेच डेकच्या पायरीवर बसून त्यांनी वाटीभर खाल्लं. काकू वाटी हातात देईपर्यंत रागावलेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा साखर घातली तेव्हा त्या हसत होत्या, फक्त तोंड दुसरीकडे करून.

या शिकवणीचा परिणाम माझ्याच घरात झाला. माझी मुलगी इरा तेव्हा तिसरीत होती. काकांना आजोबा म्हणायची आणि शाळेत जायच्या आधी रोज सकाळी त्यांच्याशेजारी हात पुढे धरून उभी राहायची. एक दिवस ती गणिताचा पेपर घेऊन आली. शंभरपैकी साठ.

“चाळीस मार्क गेले, इरा. कुठे गेले?” मी माझ्या धंद्याच्या आवाजात विचारलं.

तिने शांतपणे दप्तर खाली ठेवलं. “बट बाबा, सिक्स्टी पर्सेंट कोरडं,” ती म्हणाली. अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या मुलीने त्या आठवड्यात बाबा-आजोबा सोडून आपणहून उच्चारलेला हा एकमेव मराठी शब्द होता, त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मला काकूंनी सांगितलं. लग्नानंतर त्या इकडे आल्या तो जानेवारी होता. एका खोलीचं घर, एक खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. सोलापुरातून आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात ठरवलं की हे आपल्याच्याने होणार नाही. त्यांनी आणलेली बॅग पूर्ण अशी उघडलीच नाही. वरचे दोन-तीन कपडे काढायचे, धुवायचे, परत ठेवायचे आणि बॅगेला कुलूप लावायचं.

“हे रोज सकाळी पेपर घेऊन बसायचे,” काकू म्हणाल्या. “हवामानाचा कोपरा वाचायचे आणि त्यातलं काहीतरी चांगलं शोधून मला सांगायचे. आज दिवस एक मिनिटाने मोठा आहे. आज बर्फ आहे पण वारा नाही. काहीच नसलं तर म्हणायचे, काल यापेक्षा वाईट होतं.”

“आणि तुम्हाला ते पटायचं?”

“छे. बाहेर दिसत होतं ना मला. पण एक माणूस रोज ऑफिसला जायच्या आधी आपल्यासाठी एवढा शोध घेतोय, हे पण दिसत होतं. बॅग मी एप्रिलमध्ये उघडली.”

हे सांगून त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला आणि मला घरी पिटाळलं.

मागच्या डिसेंबरात काका पडले. त्या सकाळी त्यांनी टपालपेटीपाशी उभं राहून लिहिलं, “तापमान बत्तीस. बर्फ नाही, नुसता पाऊस.” आकडा बरोबर होता. पण बत्तीस फॅरनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सिअसला, पडणारा पाऊस जमिनीवर पडल्या पडल्या गोठतो आणि काचेसारखा दिसेनासा होतो. काका परत फिरले आणि चौथ्या पावलाला आडवे झाले. खिशात फोन वाजला, तो काकूंचा संदेश होता: “बाहेर जाऊ नका.” चाळीस वर्षांत हा एकच संदेश उशिरा पोचला असेल.

मी त्यांना गाडीत घालून इमर्जन्सीला नेलं. मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घालून झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल? ग्रुपवर लिहिलं: “डावा हात. म्हणजे उजवा पूर्ण मोकळा.” ते वाचून मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकटाच हसलो आणि मग मला एकदम रडू आलं. हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांचा मुलगा निखिल फ्रिस्कोला असतो, टेक्सासमध्ये. दुसऱ्याच दिवशी तो विमानाने आला. काकांच्या दिवाणखान्यात मी होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

“बाबा, इनफ. तुम्ही दोघं आता फ्रिस्कोला चला. खालच्या मजल्यावर तुमची रूम रेडी आहे. तिथे बर्फाचं टेन्शन नाही.”

“आमची इथे गल्ली आहे.”

“गल्ली बर्फ शॉवेल करायला येणार आहे का तुमच्याकडे?”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

शेवटी तडजोड झाली. मार्च संपेपर्यंत काकांनी बर्फाच्या फावड्याला हात लावायचा नाही आणि एकदाही पडायचं नाही. एवढं निभावलं तर निखिल फ्रिस्कोचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही निभावलं, तर घर विकायचं. काकांनी उजवा हात पुढे करून मुलाशी हात मिळवला. निखिलने बर्फ काढायला एक माणूस ठरवला, आणि जाताना मला म्हणाला, “दादा, एक काम कराल? दारावर कॅमेरा लावून द्या ना. म्हणजे मला इथून दिसत राहील.” मी लावून दिला. नुसता लावला नाही, ड्राइव्हवेवर तीन ठिकाणी उभा राहून तपासला. चित्र उत्तम येत होतं.

ठरवलेला माणूस सकाळी दहाच्या आधी कधी आला नाही. त्याला आमच्यासारखी तीस घरं होती. आणि काका तर साडेसहाला टपालपेटीशी जाणार. बर्फ असो, वारा असो, तो फेरा चुकवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं; आणि प्लॅस्टर घातलेल्या माणसाने पाच इंच बर्फातून चालत जाणं म्हणजे फ्रिस्कोचं तिकीट काढणंच होतं. जानेवारीतला पहिला मोठा बर्फ येणार त्या संध्याकाळी समोरचा सावंत माझ्याकडे आला. सावंत मुंबईचा, एरवी स्वतःचा ड्राइव्हवे दुपारपर्यंत काढत नाही.

“यार, काका गेले तर ग्रुपवर राहणार काय? बर्थडेचे केक आणि गुड मॉर्निंगची फुलं?”

“साडेपाचला उठावं लागेल,” मी म्हटलं.

“उठू रे. दोन-तीन वेळा तर पडेल सीझनमध्ये.”

अकरा वेळा पडला. अकरा वेळा आम्ही पहाटे साडेपाचला फावडी घेऊन काकांच्या ड्राइव्हवेवर हजर. मी काय उत्साहाने गेलो असं समजू नका. प्रत्येक वेळी माझी कुरकुर चालू असे. बर्फ ओला आहे, फावडं वाकडं आहे, महापालिकेची गाडी रस्त्यावरचा सगळा ढीग नेमका काकांच्याच तोंडाशी लोटून जाते. सावंत म्हणायचा, “गप शॉवेल कर ना यार, काका उठतील.” टपालपेटीपर्यंत वाट साफ करायची, जाड मीठ टाकायचं आणि सव्वासहाला पळ काढायचा. तिसऱ्या खेपेपासून दाराच्या पायरीवर चहाचा थर्मास आणि दोन कप दिसू लागले. आलं घातलेला चहा. कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती.

आणि साडेसहाला काकांचा संदेश: “काल पाच इंच म्हणाले होते. आमच्या ड्राइव्हवेवर अर्धा इंचसुद्धा टिकला नाही. जमिनीत अजून ऊब आहे.” हा संदेश ते निखिललाही पाठवत. खाली काकूंचं, “बूट घाला.”

काकांना खरंच वाटत होतं का, की जमिनीत ऊब आहे? ज्या माणसाने आयुष्यभर पूल बांधले, त्याला ऊब बरोबर आपल्या हद्दीपुरतीच कशी येते हा प्रश्न पडला नसेल? मी बरेचदा त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. काही सापडलं नाही. एकदा फक्त ते माझ्याकडे बघून म्हणाले, “टेस्टर, तू हल्ली लवकर उठतोस वाटतं. चांगलं असतं प्रकृतीला.”

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निखिलचा फोन आला. मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

“दादा, थँक यू म्हणायला फोन केला. अकरा वेळा.”

“कसलं अकरा वेळा?”

“कॅमेरा तुम्हीच लावलाय ना, दादा.”

दिवसभर लोकांच्या चुका काढणारा माणूस मी. आपल्या हाताने लावलेल्या, तीन ठिकाणांहून तपासलेल्या कॅमेऱ्यासमोर मी अकरा वेळा चोरासारखा वाकून गेलो होतो. एकदा तर सावंतने त्याच्याकडे तोंड करून नाच केला होता.

“मग बोलला का नाहीस इतके दिवस?”

“रोज व्हिडिओ बघायचो, चिडायचो, आणि मग बाबांचा मेसेज यायचा. जमिनीत ऊब आहे. त्याच्यावर काय बोलणार? आई पण म्हणाली, राहू दे. मी प्रॉमिस पाळणार आहे. बाबा जिंकले. फक्त एक विचारतो, दादा. पुढच्या वर्षी कोण करेल? त्याच्या पुढच्या वर्षी?”

‘आम्ही आहोत ना’ असं मी म्हणणारच होतो. पण माझं ग्रीन कार्ड कुठल्या रांगेत आहे ते मलाच ठाऊक नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत बस्तान हलवावं लागेल. सावंतची कंपनी त्याला दुसऱ्या राज्यात पाठवायच्या गोष्टी करत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीत काय मोडेल हे बोलून दाखवायचं नव्हतं.

मार्च संपला. निखिलने शब्द पाळला. काकांनी ग्रुपवर फक्त, “उद्यापासून वसंत. सर्वांना वडे,” असं लिहिलं आणि गल्ली त्यांच्याकडे जमली. काका खुशीत होते. प्लॅस्टर कधीच निघालं होतं, आणि ते प्रत्येकाला डाव्या हाताने वडा देऊन हात किती बरा झाला ते दाखवत होते. मला प्लेट काकूंनी दिली. देताना त्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला.

“भेगा पडल्यात रे.”

“थंडीने होतात, काकू.”

“खिडकी आहे मला. अकराही वेळा उभी होते.” मग हळूच म्हणाल्या, “मला तरी कुठे जायचंय? पण परक्याची मुलं पहाटे थंडीत उभी करून आपण किती दिवस जमिनीत ऊब आहे म्हणायचं?”

मी म्हटलं, “आम्ही परके नाही.”

“म्हणून तर,” त्या म्हणाल्या आणि पुढच्याला प्लेट द्यायला गेल्या.

एप्रिलच्या एका सकाळी ग्रुपवर अघटित घडलं. काकांच्या आधी काकूंचा संदेश आला, आणि तो दोन शब्दांचा नव्हता. “फ्रिस्को. आज नव्वद. म्हणजे कुरडया एका दिवसात वाळतील.”

बाकीच्या तिन्ही घरांनी ते दोनदा वाचलं असावं. पाच मिनिटांनी खाली काका उगवले: “भाजून निघू.”

दुसऱ्या दिवशी काकू: “फ्रिस्को. वादळाची शक्यता वीस टक्के. म्हणजे ऐंशी टक्के नाही.” खाली काका: “तळघर शोधा.”

हे तीन-चार आठवडे चाललं. काकूंनी सगळी विद्या चाळीस वर्षांत बघून बघून उचललेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. “फ्रिस्को. जोरदार वारा. कपडे वीस मिनिटांत.” “फ्रिस्को. आज नातवाच्या शाळेला सुट्टी, हवामानाचा संबंध नाही.” काका प्रत्येकावर पाणी ओतायचे. मी काकूंना विचारलं, “समोरासमोर बोलत का नाही तुम्ही?” तर म्हणाल्या, “यांना सांगून पटत नाही. हवामानातून सांगावं लागतं.” आणि एक सांगितलं, जे त्यांनी काकांना कबूल केलं होतं: तिथे गेल्यावर बॅग पहिल्याच दिवशी उघडणार.

मेच्या मध्यावर एका सकाळी काकूंनी लिहिलं, “फ्रिस्को. आज पंच्याण्णव.” एवढंच. पुढे चांगलं काही जोडलं नव्हतं. बहुतेक थकल्या असतील, किंवा मुद्दाम जागा सोडली असेल. आम्ही सगळे काकांची वाट बघत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग आलं:

“सेल्सिअसमध्ये फक्त पस्तीस.”

मी फोन बायकोला दाखवला. ती खुर्चीवर बसली. समोरच्या घराचं दार उघडलं आणि सावंत पायजम्यातच पायरीवर येऊन उभा राहिला. त्याने माझ्या खिडकीकडे बघितलं, मी त्याच्याकडे. काकांनी जायचं ठरवलं होतं.

आता त्यांचा संदेश सकाळी साडेसातला येतो. तिथलं घड्याळ आपल्या एक तास मागे आहे, त्यांचे साडेसहा अजून साडेसहाच आहेत. कुरडया एका दिवसात वाळतात असं कळतं. इराच्या नावाने एक डबा आला, त्यातल्या बऱ्याच प्रवासात मोडल्या होत्या. काकांचा निरोप होता की मोडलेल्या तळायला सोप्या जातात.

पण मला काका आठवतात ते त्यांच्या शेवटच्या सकाळचे. जून संपत आला होता. अकराचं विमान होतं आणि नेवार्क विमानतळावर मी सोडणार होतो. आदल्या दिवशी मी गुपचूप अंदाज बघितला होता. जूनमध्ये आमच्याकडे कधीही वादळी पाऊस होतो, विमानं चार-चार तास अडकतात, रद्दसुद्धा होतात. हवामानात काहीतरी वाईट निघावं म्हणून मी इतक्या आशेने कधी शोधलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला खिडकीतून बघितलं. काका टपालपेटीपाशी उभे होते. अंगात प्रवासाचा कोट, डोक्याला कानटोपी, उजवा तळहात पुढे. आकाशात एक ढग नव्हता. इतकी स्वच्छ निळी सकाळ वर्षातून चार-पाच वेळा येते. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, मिनिट झालं. हात खाली येईना. इरा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, इट्स नॉट गोइंग टू रेन. व्हाय इज आजोबा वेटिंग?”

मग त्यांनी फोन काढला. नेहमीपेक्षा जास्त वेळ टाइप करत होते. माझ्या हातातला फोन वाजला.

“सुप्रभात. आज पाऊस शून्य टक्के. वारा नाही, ढग नाही. म्हणजे विमान वेळेवर सुटणार. यात चांगलं काय, ते बराच वेळ शोधलं. सापडलं नाही.”

मी पाच मिनिटं थांबलो. काकूंनी खाली काही लिहिलं नाही. मग मी गाडीची किल्ली घेतली आणि त्यांच्या बॅगा उचलायला गेलो.